तिनाची दोन तोंडं

चामोर्शीपासून दोन कोसांवर जंगलखात्याचा लाकडाचा डेपो होता. तिथे देवाजी दुर्गे नावाचा माणूस तीस वर्षं लाकडावर आकडे ठोकत होता. ऐकायला काम सोपं वाटतं. सागवानाचा लठ्ठा आला की त्याच्या कापलेल्या तोंडावर पोलादी ठसा धरायचा आणि वरून हातोडा हाणायचा, की झालं. पण असं देवाजीसमोर कोणी बोललं, की त्या माणसाचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. देवाजी त्याला दंडाला धरून लठ्ठ्यांच्या थप्पीपाशी न्यायचा आणि चोर आकड्यांची कशी वाट लावतात ते सांगत बसायचा.

डेपोतले आकडे इंग्रजी. लठ्ठा गोल, तो गडगडतो आणि उलटा झाला की सहाचा नऊ होऊन बसतो, म्हणून सहाच्या पायाखाली रेघ पाहिजेच पाहिजे. एकाला वर टोपी द्यायची नाही, कारण टोपी जरा लांबवली की त्याचा सात होतो. शून्याच्या पोटात टिंब नसेल तर त्याला शेपूट लावून चोर हवं ते करून घेतात. "अन् सगळ्यात बेक्कार तीन," देवाजी आवाज खाली आणून सांगायचा. "तिनाले दोन तोंडं असते. चोर काय करते, दोनी तोंडं शिवून टाकते. झाला आठ! पन मी दोन हातावरून सांगतो, कोनता आठ आईच्या पोटातला अन् कोनता शिवलेला."

हे नियम कोणत्या सरकारी पुस्तकात नव्हते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या मुकादमाने ते त्याला शिकवले, आणि त्यातले दोन तर कानीकपाळी ओरडून सांगितले होते. पावसापाण्याने आकडा पुसट झाला तर तो पुन्हा ठोकून ठळक करायचा, पण ज्याने ठोकला त्याने शेजारी आपली खूण ठोकायची. देवाजीची खूण म्हणजे तीन टिंबं. दुसरा नियम असा, की आकडा वाचायचा तो लाकडावरून. कागद मागून बघायचा, कारण चोर लाकूड तोडण्याआधी कागद तयार ठेवतो.

छप्पन साली देवाजीचा बाप चांद्याला जाऊन दीक्षा घेऊन आला, त्याच वर्षी देवाजी खात्यात लागला. रोज सकाळी पंचशील म्हणताना 'न दिलेले घेणार नाही' या जागी तो आवाज जरा चढवायचा, तो शेजारच्या वॉचमनला ऐकू जावा म्हणून, असं त्याची बायको बायनाबाई म्हणायची. ते काही का असेना, तीस वर्षांत डेपोतला एक ढलपा त्याच्या चुलीत गेला नाही हे खरं. गावात त्याला मान होता तो एवढ्याचाच, आणि तो त्याला पुरत होता.

या मानाची एक गोष्ट तो विशेष आवडीने सांगे. कोलू मडावी नावाचा जंगलातल्या गावचा माणूस दोन वर्षांपूर्वी बैलगाडीत एक लठ्ठा घालून निघाला होता. घराच्या आढ्यासाठी निस्तारात, म्हणजे गावकऱ्यांच्या हक्काच्या लाकडात, तो त्याला मिळाला होता. पासावर नंबर होता त्रेचाळीस. नाक्यावर नेमका देवाजी उभा. त्याने दुरूनच लठ्ठ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "अठ्ठेचाळीस." डेपोतला अठ्ठेचाळीस नंबर त्याच आठवड्यात सापडत नव्हता. मग काय, गाडी अडवली.

"तीन हाय, देवाजीभाऊ," कोलू म्हणाला होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण लठ्ठा मिळाला त्या दिवशी त्याने आपला आकडा बोटाने गिरवून घेतला होता. "बोट घालून पाहा ना. बोट बाहेर निघते."

"मले बोट नाई लागत," देवाजी म्हणाला होता. "मले नजर हाय."

देवाजीच्या शब्दापुढे गार्डाने पास उघडूनही पाहिला नाही. कोलू अकरा दिवस कोठडीत बसला, मग जामिनावर सुटला. केस अजून चालू होती आणि लठ्ठा मुद्देमाल म्हणून डेपोच्या कोपऱ्यात पडून होता. देवाजी ही गोष्ट सांगायचा आणि शेवटी "बोट म्हने!" असं म्हणून हसायचा. ऐकणारेही हसायचे.

आता मोपेडचं.

देवाजीची मुलगी सत्यशीला उपकेंद्रावर नर्स झाली. तिच्याकडे सात गावं होती. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तर सायकल, आणि सायकल वाळूत रुतली की पायी. भद्रावतीला कारखान्याच्या कॉलनीत बापूराव म्हणून लांबच्या नात्यातले एक फिटर होते. त्यांची जुनी मोपेड दोन पावसाळे क्वार्टरच्या मागे उभी होती. देवाजी ती बघून आला, घेऊन टाकली आणि एसटीच्या टपावर बांधून, कंडक्टरच्या शिव्या खात चामोर्शीला आणली. इंजिन चांगलं होतं. बाकी सगळा गंज.

तो गंज देवाजीने रॉकेल आणि चिंधी घेऊन स्वतः पुसला. पुसता पुसता हँडलच्या खालच्या नळीवर त्याला नंबर दिसला. दिसला म्हणजे काय, असेल असं वाटलं. एक इंग्रजी अक्षर, एक गोल आणि पुढे पाच आकडे, गंजाने आणि जुन्या रंगाने भरलेले. देवाजीचा जीव कळवळला. एवढ्या मोलाची वस्तू आणि तिच्या अंगावरचा नंबर असा मरायला टेकलेला! उद्या कोणी चोरली तर पोरीने काय दाखवायचं?

डेपोने बाद करून त्याला दिलेला जुन्या ठशांचा डबा घरात होता. देवाजीने चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला, नळीखाली लाकडाचा ठोकळा लावला आणि आकडे एकेक करून पुन्हा ठोकले. सहा, आठ, एक, एक, सात. सहाच्या पायाखाली रेघ दिली. अक्षराशेजारच्या गोलाच्या पोटात टिंब दिलं. आणि शेवटी, रीतीप्रमाणे, बाजूला आपली तीन टिंबं. गाडीचं पुस्तक तिथेच सत्यशीलाच्या पिशवीत होतं. ते त्याने उघडलं नाही. कागद मागून!

"आता कोनी माईचा लाल चोरून दाखवो," तो म्हणाला. सत्यशीलाने नंबरावरून हात फिरवला आणि बापाचं काम किती रेखीव आहे याचं तिला कौतुक वाटलं.

पुढल्या आठवड्यात गाडी मुलीच्या नावावर करायला बापलेक चंद्रपूरला आरटीओच्या कचेरीत गेले. आवारात गाड्यांची रांग होती. इन्स्पेक्टर साहेब तरुण, साताऱ्याकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांचा माणूस प्रत्येक गाडीच्या नंबरावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासायचा, की नंबराची छाप कागदावर उमटायची. मोपेडवर त्याने पेन्सिल घासली, कागद उचलला आणि सरळ साहेबांकडे नेऊन दिला.

साहेब कागद बघत राहिले. मग उठून गाडीपाशी आले आणि वाकले.

"हे सहाखाली काय आहे?"

"रेघ, साहेब," देवाजी उत्साहाने म्हणाला. "उलटा झाला तं नऊ नाई व्हावा म्हनून."

"गाडीची नळी उलटी होते?"

देवाजीने याचा विचार केलेला नव्हता.

"आणि ही तीन टिंबं?"

"ते मी. म्हंजे मायी खूण हाय. नंबर मीच ठोकलो ना. पुसट झाला होता."

रांगेतले दोघेतिघे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी सरळ होऊन देवाजीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "चासीचा नंबर तुम्ही ठोकलात? स्वतः? आणि ते मला सांगताय?"

"मंग कोनाले सांगू?" देवाजी म्हणाला.

साहेबांनी मग त्याला समजावलं, आणि तिथून देवाजीच्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला तो पुढे कित्येक दिवस थांबला नाही. चोरीची गाडी असली की चोर पहिला हात या नंबरालाच घालतो, साहेब म्हणाले. जुना घासतो, नवा ठोकतो. म्हणून पुसट नंबर असला तरी चालतो, गंजका असला तरी चालतो. पण ताजा नंबर चालत नाही. ताजा नंबर दिसला की गाडी अडवायची.

"पन साहेब, आमच्या डेपोत तं..." देवाजी म्हणाला आणि थांबला. डेपोत उलटं होतं. पुसट नंबराचा लठ्ठा दिसला की तो अडवायचा. ठळक नंबराचा सोडायचा. तीस वर्षं त्याने तेच केलं होतं. एक माणूस नंबर जपायचा म्हणून ठोकतो आणि दुसरा लपवायचा म्हणून ठोकतो, पण घाव तर दोघांचा सारखाच पडतो. मग बघणाऱ्याने ओळखायचं कसं? हा प्रश्न त्याला इतका नवा होता, की साहेब पुढे काय बोलत होते तिकडे त्याचं लक्षच लागेना.

साहेब बोलत होते ते एवढंच, की मोपेड आवारात राहील आणि पुस्तकही जमा होईल, कारण पुस्तक खोटंही असू शकतं. पोलिसांना पत्र जाईल. गाडी इथेच पहिल्यांदा नोंदली गेली असल्यामुळे त्या वेळच्या फायलीत नंबराची पहिली छाप असणार, ती शोधायला वेळ लागेल. पुढच्या गुरुवारी विकणाऱ्याला घेऊन या.

परतीच्या एसटीत सत्यशीला रडली नाही, पण खिडकीबाहेर बघत राहिली. ती सरकारी नोकरीत नवी होती. चोरीच्या गाडीत नाव अडकलं तर काय होतं हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"बाबा, ठोकायच्या आधी तुमी पुस्तक काऊन नाई पाह्यले?" मूल गावाला गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं.

"चोर कागद आधी बनवते, बाई," देवाजी म्हणाला. सवयीने म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला वाटलं की या वाक्यातही काहीतरी उलटंपालटं झालं आहे, पण काय ते त्याला सापडेना.

डेपोत बातमी त्याच्या आधी पोचली होती. रेंजर साहेबांनी त्याला बोलावून घेतलं आणि डोळ्यांत न बघता सांगितलं, की गुरुवारपर्यंत हातोडा आलमारीत राहू दे, देवाजी. तो हातोडा तीस वर्षांत त्याच्या हातून कधी आलमारीत गेला नव्हता. म्हणजे संध्याकाळी जायचा, पण तो ठेवायचा म्हणून जायचा. या वेळी काढून घेतला म्हणून गेला. देवाजीला लाज वाटली, इतकी की त्या दिवशी तो बाजाराच्या रस्त्याने घरी न जाता नाल्याच्या काठाने गेला.

बायनाबाई म्हणाली, "गंजलं होतं तं गंजू द्याचं होतं. लोक गाडीले हार घालते, तुमी हातोडा घातला."

शेजारी विचारायला यायचे. देवाजी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा, की गाडी बापूरावांची, बापूराव आपले, नंबर पुसट झाला होता. ऐकणारा मान डोलवायचा. पण डेपोत नंबर ठोकणाऱ्यानेच घरी बसून नंबर ठोकला यात चोरी कशी नाही, ही शंका काही त्या मान डोलवण्याने जात नव्हती. देवाजी सांगत राहायचा आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर ते तसंच राहायचं. मी खरं बोलतो आहे हे याला दिसत कसं नाही? त्याला याचा राग यायचा, मग त्या रागाचाच गोंधळ व्हायचा. कारण हा चेहरा त्याने कुठेतरी पाहिला होता. तो दुसऱ्याचा नव्हता, त्याचा स्वतःचाच होता, नाक्यावरचा. पण तिथवर विचार आला की तो उठून पाणी प्यायचा.

गुरुवारी बापूराव भद्रावतीहून आले. पांढरा शर्ट, खिशात गाडीच्या पहिल्या पावत्या, आणि आपल्याला नाहक इथे यावं लागलं हे सगळ्या कचेरीला कळेल असं तोंड.

साहेबांच्या टेबलावर जुनी फाइल होती. शेजारी एक भिंग आणि बुचाची एक छोटी बाटली. मोपेड खिडकीखाली आणून उभी केली होती. साहेबांनी आधी नळीवरचा रंग घासून काढला, मग बाटलीतलं तेजाब काडीला लावून आकड्यांवर फिरवलं आणि भिंगातून बराच वेळ पाहिलं. देवाजी हात बांधून उभा होता. सत्यशीलाने आपल्या पिशवीचे बंद मुठीत घट्ट धरले होते.

"गाडी चोरीची नाही," साहेब म्हणाले.

सत्यशीलाने श्वास सोडला तो बापूरावांना ऐकू गेला.

"चोर आधी कानशीने घासतो. इथे घासलेलं नाही, जुना नंबर खाली जशाच्या तसा आहे. आणि नंबर बदलून शेजारी स्वतःची खूण ठोकणारा चोर मी अजून बघितलेला नाही." आता मात्र साहेब हसले. "तुमची ती टिंबं नसती तर मी फाइल शोधायच्या आधी हवालदार बोलावला असता."

देवाजीने बांधलेले हात सोडले. साहेबही मोकळे झाले आणि आपल्या विषयावर बोलू लागले, जसा देवाजी थप्पीपाशी बोलायचा तसेच. म्हणाले, तुमचं ते टिंब चुकलं बरं का. ते शून्य नाही, ओ हे अक्षर आहे. हाच घोटाळा होतो म्हणून बाहेरच्या देशांत आता नियमच केला आहे, की गाडीच्या नंबरात ओ, आय आणि क्यू ही अक्षरं घालायचीच नाहीत. ओचा शून्य होतो, आयचा एक होतो. अक्षरच ठेवलं नाही, की चोराला फिरवायला काही उरत नाही आणि वाचणाराही चुकत नाही.

देवाजीचा चेहरा उजळला. "आमचंबी तसंच हाय, साहेब! एकाले टोपी नाई, सहाले रेघ. अन् तीन..."

"हो, तीन," साहेब म्हणाले. "तेच सांगायचं राहिलं. तुम्ही दुसरा आकडा चुकीचा ठोकलात. तिथे तीन होता."

"आठ होता, साहेब."

"तीन."

"साहेब, बाकी काई बोला, पन आकड्यात मी..." देवाजी म्हणाला. "आठ होता. मी पाह्यलो ना."

साहेबांनी फाइल फिरवून त्याच्यासमोर ठेवली. गाडी नवी असताना घेतलेली पेन्सिलची छाप, पिवळी पडलेली. सहा, तीन, एक, एक, सात. मग त्यांनी भिंग त्याच्या हातात दिलं आणि नळीवर वाकायला लावलं. आठाची उजवी बाजू खोल आणि काळी होती, तिथे दोन घाव पडले होते, एक कारखान्याचा आणि एक देवाजीचा. डावी बाजू उथळ आणि चकचकीत होती. तिथे एकच घाव होता.

देवाजीने भिंग आधी उजव्या बाजूवर धरलं, मग डाव्या.

"तोंडं शिवली हायेत," तो अखेर म्हणाला.

"गंज भरला होता, तुम्हाला बंद दिसली," साहेब म्हणाले. "वय झालं की होतं असं. डोळे दाखवून घ्या एकदा." आणि त्यांनी कागदावर शेरा लिहिला, की मूळ नंबर कचेरीसमक्ष पुन्हा ठोकून वाहन नवीन मालकाच्या नावे करावे.

सत्यशीला मोपेड चालवत गेली. देवाजी एसटीने आला. मुलगी सुटली, बापूराव सुटले, आपण सुटलो, असं तो स्वतःला सांगत होता आणि ते सगळं खरं होतं. तरी नळीवरचा तो आठ डोळ्यांसमोरून हलत नव्हता. भरल्या तोंडाचा तीन आपल्याला आठ दिसतो. कधीपासून दिसतो? या वर्षी? गेल्या वर्षी? गडचिरोलीला गाडी थांबली, सगळे चहाला उतरले, तो बसून राहिला. अठ्ठेचाळीस नंबरचा जो लठ्ठा डेपोत सापडला नव्हता, तो चोराने नेलाच नसेल तर? आपणच त्याला दुसरं काही वाचून, दुसऱ्या लॉटात लिलावाला सोडला असेल तर? आता त्याला पाणी प्यायलाही उठता येईना.

दुसऱ्या दिवशी रेंजर साहेबांनी आलमारी उघडून हातोडा पुढे केला. देवाजीने तो घेतला नाही. "आधी कोलूचा लठ्ठा पाहू, साहेब," तो म्हणाला, आणि का ते सांगितलं. साहेबांना ते आवडलं नाही. दोन वर्षं जुनी गोष्ट कोण उकरतं! पण देवाजी दारातून हलेना, तेव्हा त्यांनी एका गार्डाला कोलूच्या गावी धाडलं.

कोलू आला तो बायकोला, सोमारीला, सोबत घेऊन. आपल्यावर आता नवीन काय आलं, हे दोघांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आत बोलावलं तरी ते डेपोच्या फाटकाशीच उभे राहिले.

लाकडाला घाव बसला की तिथले धागे आत दबतात, आणि ओल लागली की पुसट आकडा पुन्हा उठून दिसतो. हे देवाजीनेच कितीतरी गार्डांना शिकवलं होतं. आदल्या संध्याकाळीच त्याने लठ्ठ्याच्या तोंडावर ओलं पोतं बांधून ठेवलं होतं. आता सगळ्यांसमोर ते सोडलं आणि दोन पावसाळ्यांची माती बादलीभर पाण्याने धुऊन काढली. चार स्वच्छ दिसला. त्याच्या शेजारी दुसरा आकडा.

देवाजी बघत राहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याला अजूनही आठच दिसत होता. खरोखर दिसत होता. त्याने रेंजर साहेबांकडे पाहिलं, गार्डाकडे पाहिलं.

"बोट घाला, भाऊ," कोलू फाटकातून म्हणाला.

देवाजी गुडघ्यांवर बसला. डोळे मिटले आणि आकड्याच्या चरीत बोट ठेवलं. वरून उजवीकडे, वळून आत, मध्यावर. तिथून पुन्हा उजवीकडे, खाली, आणि तळातून डावीकडे. आठ असता तर बोट वर वळलं असतं आणि फिरत राहिलं असतं. ते वळलं नाही. चर संपली आणि बोट सपाट लाकडावर बाहेर निघालं. त्याने पुन्हा फिरवलं, या वेळी वरच्या तोंडाकडे उलटं. तिथूनही बाहेर निघालं.

"तीन," देवाजी म्हणाला.

रेंजर साहेबांनी डेपोच्या बाबूला कागद आणायला सांगितलं. देवाजीने जबानी दिली, की नाक्यावर आकडा मी चुकीचा वाचला, पास बरोबर होता, यात कोलू मडावीचा दोष नाही, लठ्ठा त्याला परत मिळावा. खाली सही केली आणि सहीशेजारी तीन टिंबं दिली. हातोडा मात्र आलमारीतच राहू द्या, असं तो साहेबांना म्हणाला, आणि साहेबांनी आग्रह केला नाही.

कोलू आता लठ्ठ्यापाशी आला होता. त्याने ओल्या लाकडावर तळवा ठेवला. घराचं आढं त्याने मागल्या वर्षीच ऐनाच्या लाकडाचं घातलं होतं, ते वाकडं होतं, पण घातलं होतं. सोमारी त्याच्या मागे उभी होती.

"लाकूड भेटन म्हनता," कोलू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. "पन ते अकरा दिवस हायत ना, देवाजीभाऊ. ते आता मी कोनाले मांगू?"

देवाजी अजून गुडघ्यांवरच होता. बोटाला चिखल लागला होता.

"मले मांग," तो म्हणाला. पण द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.